मुलाचे सुख कोणी मोजायचे?

पौडच्या बाजारात ओळखीचे कोणी भेटले की पहिला प्रश्न पावसापाण्याचा असतो आणि दुसरा मुलाबाळांचा. "काय सर, मुलगी कशी आहे?" "मजेत आहे." हे उत्तर मी गेली कितीतरी वर्षे देत आलो आहे. ते देताना मला कधी विचार करावा लागला नाही.

पण मी पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने वहीत आकडा लिहिला की मी त्याला तीन प्रश्न विचारतो. हा आकडा कोठून आणलास? कोणत्या उपकरणाने मोजलास? किती वेळा मोजलास? माझ्या "मजेत आहे" या उत्तराबद्दल हेच तीन प्रश्न कोणी मला विचारले असते, तर मला एकाचेही उत्तर देता आले नसते. मुलगी मजेत आहे हे मी मोजलेले नव्हते. मी ते गृहीत धरले होते.

विद्यार्थी मित्रहो, मुले सुखात आहेत की नाहीत हे कोणी ठरवायचे? आईवडिलांनी, शिक्षकांनी, की मुलांनी स्वतः? हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे, त्यात पदार्थविज्ञानाच्या माणसाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण मुळात हा प्रश्न मापनाचा आहे. एकाच वस्तूचे मोजमाप दोन माणसांनी केले आणि ते जुळले नाही, तर काय करायचे? या प्रश्नाशी विज्ञानाची गाठ फार पूर्वी पडली आहे. तेथूनच सुरुवात करू.

आठ दशांश सेकंदांचा गुन्हा

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन हे होते. त्यांच्या हाताखाली डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण मदतनीस काम करी. तारका मध्यान्हरेषा नेमकी केव्हा ओलांडते याची वेळ नोंदवणे हे त्यांचे मुख्य काम. त्या काळची रीत अशी होती. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले असत. घड्याळाचा दर सेकंदाचा ठोका कानाने ऐकायचा. एका ठोक्याला तारका धाग्याच्या अलीकडे किती होती आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेली, हे डोळ्याने पाहायचे. मग ती धाग्यावर केव्हा आली हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचे.

१७९५ च्या ऑगस्टमध्ये मॅस्केलिन यांच्या लक्षात आले की किनेब्रुकच्या वेळा आपल्यापेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिराच्या आहेत. त्यांनी त्याला समज दिली. पण १७९६ च्या जानेवारीपर्यंत हा फरक कमी होण्याऐवजी आठ दशांश सेकंदांपर्यंत वाढला. किनेब्रुकला नोकरीवरून दूर करण्यात आले.

त्यानंतर वीसेक वर्षांनी जर्मनीतील कोनिग्सबर्ग येथील खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेल यांच्या वाचनात ही हकीकत आली. हेच ते बेसेल, ज्यांनी पुढे १८३८ साली लंबनाच्या साहाय्याने एका ताऱ्याचे अंतर काढून दाखवले. त्यांना प्रश्न पडला की समज मिळाल्यावरही एखादा काळजीपूर्वक काम करणारा माणूस तीच चूक का करील? त्यांनी १८२० च्या सुमारास आपली निरीक्षणे इतर नामवंत ज्योतिर्विदांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली. फरक निघाला, आणि तो थोडाथोडका नव्हता. काही जणांच्या बाबतीत तो एका सेकंदाहूनही अधिक होता! म्हणजे डोळा आणि कान यांचा मेळ घालण्याची प्रत्येक निरीक्षकाची आपली एक रीत असते. या फरकाला पुढे 'वैयक्तिक समीकरण' असे नाव मिळाले.

आता मॅस्केलिन यांची चूक काय झाली ते पाहा. त्यांचा वेध चुकला असे नाही. दोन नोंदी जुळल्या नाहीत, तेव्हा आपली नोंद ती खरी आणि मदतनिसाची ती चुकीची, असे त्यांनी धरून चालले. त्यांच्याकडे अधिकार होता, अनुभव होता आणि वयही होते. पुरावा मात्र नव्हता.

आमच्या घरातील वेध

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मीच मॅस्केलिन झालो.

मुलांच्या सुखाविषयी पालक काय सांगतात आणि मुले काय सांगतात, यावरचे संशोधन मी नुकतेच वाचले होते. घरी करून पाहावे म्हणून मी चार चिठ्ठ्या फाडल्या. एक माझी, एक पत्नीची, एक आईची आणि एक नववीत शिकणाऱ्या मुलीची. प्रश्न एकच. गेल्या महिनाभरात ही किती सुखात होती? शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा. एकमेकांचे पाहायचे नाही.

माझ्या चिठ्ठीत नऊ होते. पत्नीच्या चिठ्ठीत सात. मुलीच्या चिठ्ठीत पाच. आईने चिठ्ठी कोरीच परत दिली. म्हणाली, "आकडा कसला मागतोस? पोर हल्ली गुणगुणत नाही, एवढं मला कळतं."

माझ्या तोंडून निघून गेले, "पाच? अगं, तुला कमी काय आहे?"

मुलगी क्षणभर गप्प राहिली. "काही नाही बाबा, सहजच लिहिलं," असे म्हणून तिने चिठ्ठी ओढून घेतली, पाच खोडले आणि आठ लिहिले.

प्रयोगशाळेत कोणी असा आकडा खोडून 'बरोबर' केला असता तर मी जर्नल सही न करता परत दिले असते. येथे तो आकडा मीच खोडायला लावला होता.

चार-पाच दिवसांनी तांदूळ निवडताना ती आईजवळ बोलली. तिची जिवाभावाची मैत्रीण जूनमध्ये शाळा सोडून पुण्याला गेली होती. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खात होती. इतर मुलींचे गट आधीच ठरलेले. भांडण नाही, छळ नाही, तक्रार करावी असे काही नाही. फक्त रोजची तीस मिनिटे एकटेपणा. आम्हाला हे कसे कळावे? डबा रोज रिकामा येत होता आणि आम्ही समाधानी होतो. रिकामा डबा हे आमचे उपकरण होते. त्याने अन्न मोजले, सोबत मोजली नाही.

माझे नऊ कोठून आले, याचाही मी मागाहून हिशेब केला. गुण चांगले होते, ताप-खोकला नव्हता, फी वेळेवर भरली होती. आणखी एक कारण होते, ते कबूल करायला हवे. माझे कित्येक महिने रखडलेले वेतननिश्चितीचे काम नेमके त्याच महिन्यात मार्गी लागले होते. खुशीत मी होतो आणि गुण मुलीला दिले होते.

संशोधन काय सांगते?

माझ्यासारखी चूक इतरही पालक करतात. स्पेनमधील दोन शाळांत बेलेन लोपेझ-पेरेझ आणि एली विल्सन यांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०-११ आणि १५-१६ वर्षे या दोन वयोगटांतील ३५७ मुले होती. मुलांनी स्वतःच्या सुखाची नोंद केली आणि त्यांच्या पालकांनी मुलांच्या सुखाची. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे पालक आपले मूल जितके सुखी आहे असे सांगत होते, तितके ते मूल स्वतःला सुखी म्हणत नव्हते. पंधरा-सोळाच्या वयात गंमत उलटी झाली. येथे पालकांचा अंदाज मुलांच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा खाली होता. आणि पालकांनी मुलाला दिलेले गुण पालकांच्या स्वतःच्या सुखाशी जुळत होते. म्हणजे मुलाकडे पाहताना पालक काही अंशी आरशातही पाहत होते.

माझी मुलगी चौदा वर्षांची. माझा अंदाज तिच्यापेक्षा वर होता. स्पेनच्या मोठ्या मुलांच्या पालकांचा खाली होता. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. एक घर हा एकच नमुना झाला आणि एका नमुन्यावरून नियम निघत नाही. पण मोठ्या मुलांच्या बाबतीत पालक कमी गुण का देत असतील, याचा अंदाज मला माझ्या विद्यार्थ्यांवरून करता येतो. मित्रांच्या घोळक्यात खदखदून हसणारा मुलगा घरी पोचल्यावर खोलीचे दार लावून घेतो. घरच्यांच्या वाट्याला त्याचा गप्प असलेला भाग तेवढा येतो.

अमेरिकेत क्रिस्टिन लागाटुटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुले स्वतः जितकी काळजी करत असल्याचे सांगत होती, त्यापेक्षा पालकांनी ती कमी सांगितली, आणि मुलांचा आशावाद मात्र जास्त सांगितला. येथेही पालकांच्या स्वतःच्या भावनांचा रंग त्यांच्या उत्तरात उतरला होता.

मग आजारी मुलांच्या पालकांचे काय? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातून असे दिसले की निरोगी मुलांचे पालक मुलापेक्षा जास्त गुण देण्याकडे झुकतात, तर दीर्घ आजार असलेल्या मुलांचे पालक मुलापेक्षा कमी गुण देण्याकडे. दम्याच्या किंवा मधुमेहाच्या मुलाकडे आईवडील पाहतात तेव्हा त्यांना आधी औषध दिसते. मुलाला त्याच दिवशी झालेला क्रिकेटचा सामना दिसत असतो.

हा नुसता शून्यदोष नाही

येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "सर, हा तर शून्यदोष झाला. व्हर्नियर कॅलिपरचे शून्य जुळत नसेल तर आपण तेवढा आकडा वजा करतो. पालक सरासरी दोन गुण जास्त देत असतील तर दोन वजा करावेत. प्रश्न मिटला!"

शंका योग्य आहे. तिचे उत्तर मिळवण्यासाठी सहसंबंध गुणांक म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. समजा, दोन तापमापक आहेत आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा दोन अंश जास्त दाखवतो. मग पहिला चढला की दुसरा तितकाच चढेल, पहिला उतरला की दुसरा तितकाच उतरेल. दोन्हींचे आकडे वेगळे, तरी चाल एकच. अशा वेळी सहसंबंध गुणांक १ येतो. शून्यदोष असा असतो आणि तो वजाबाकीने जातो. दोन्हींच्या चालीत काहीच मेळ नसेल तर गुणांक ० येतो. तेथे वजाबाकीचा काही उपयोग नाही.

१९८७ साली थॉमस आकेनबाख आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. विषय होता मुलांच्या भावनांतील आणि वागणुकीतील अडचणी. सारख्या भूमिकेतील दोन व्यक्ती, उदाहरणार्थ आई आणि वडील, यांच्या उत्तरांतील सरासरी सहसंबंध ०.६० होता. वेगवेगळ्या भूमिकेतील मोठी माणसे, उदाहरणार्थ पालक आणि शिक्षक, यांच्यात तो ०.२८ होता. आणि मुलाचे स्वतःचे उत्तर व इतरांचे उत्तर यांच्यात अवघा ०.२२! या शेवटच्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर ०.०४८४ येते. म्हणजे मुलांच्या नोंदींतील चढउतारांपैकी जेमतेम पाच टक्के चढउतार मोठ्यांच्या नोंदींवरून सांगता येतात. पुढे २०१५ साली ३४१ अभ्यास घेऊन हाच हिशेब पुन्हा झाला. तेव्हाही वेगवेगळ्या निरीक्षकांमधील सरासरी सहसंबंध ०.२८ च आला. मधल्या काळात प्रश्नावल्या सुधारल्या, संगणक आले. आकडा मात्र जागचा हलला नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पालक सगळ्याच मुलांना सारखेच दोन गुण वाढवून देत नाहीत. कोणते मूल कमी सुखी आणि कोणते अधिक, हा क्रमच दोघांच्या नोंदींत बदलतो. असा फरक वजाबाकीने जाणार नाही. त्यासाठी मुलालाच विचारावे लागेल.

ताम्हिणी आणि शिवाजीनगर

मग खरे कोणाचे? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या भागातले उदाहरण देतो.

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत आमच्या मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. या दोन पर्जन्यमापकांपैकी बिघडलेला कोणता? एकही नाही. ताम्हिणीचा मापक सह्याद्रीच्या माथ्याशी आहे, शिवाजीनगरचा डोंगराच्या आडोशाला. दोघेही आपापल्या जागेचा खरा पाऊस सांगतात. दोन्हींची सरासरी ३३५ मिलिमीटर येते. ती ताम्हिणीच्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही आणि शिवाजीनगरच्या दुकानदाराच्याही नाही. पण त्या दोन आकड्यांतील फरक मात्र फार मोलाचा आहे. मध्ये डोंगर आहे हे तोच सांगतो.

पालक, शिक्षक आणि मूल हे असेच तीन ठिकाणी ठेवलेले मापक आहेत. पालक घरातले मूल पाहतात, शिक्षक वर्गातले. मधल्या सुट्टीतले, रस्त्यावरचे आणि रात्री दिवा मालवल्यानंतरचे मूल फक्त मुलालाच ठाऊक असते. सरासरीने यादृच्छिक त्रुटी कमी होतात हे तुम्ही शिकला आहात. पण वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या मापकांची सरासरी काढली, तर त्रुटीबरोबर माहितीही पुसली जाते. माझे नऊ आणि मुलीचे पाच यांची सरासरी सात. त्या सातात मैत्रीण गेल्याची गोष्ट कोठेही नाही. ती नऊ आणि पाच यांच्यामधल्या चारात होती.

"लेकराला काय कळतंय?"

या विचाराला एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. मुलाचे उत्तर तरी विश्वासार्ह कशावरून? आज गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून दोन लिहील, उद्या सहल ठरली म्हणून दहा. समोर कोण बसले आहे हे पाहून उत्तर बदलील. शिवाय स्वतःचे हित मुलाला कोठे कळते?

पहिला भाग खरा आहे. मुलाच्या नोंदीतही त्रुटी असतात. पण त्यावरचा उपाय प्रयोगशाळेत आपण रोज करतो. एकच वाचन घेत नाही, अनेक घेतो. वेगवेगळ्या दिवशी घेतो. समोरचा माणूस पाहून उत्तर बदलत असेल, तर दोष त्या माणसाच्या बसण्यात आहे, मुलात नाही. माझ्या घरी पाचाचे आठ झाले ते याच दोषामुळे.

दुसऱ्या भागात मात्र दोन गोष्टींची गल्लत आहे. मुलाचे हित कशात आहे आणि मुलाला आज कसे वाटते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लस टोचून घ्यावी की नाही, रोज किती झोप हवी, हे ठरवताना मोठ्यांचे ज्ञान चालते, चाललेच पाहिजे. पण टोचताना किती दुखले हे मुलाशिवाय कोण सांगणार? आकेनबाख यांच्या आढाव्यातही हेच दिसते. मारामारी, आदळआपट अशा बाहेर दिसणाऱ्या वागण्याबद्दल निरीक्षकांचे अधिक जुळते. भीती, उदासी अशा आत राहणाऱ्या गोष्टींबद्दल कमी जुळते. लहान मुलांबद्दल अधिक जुळते, किशोरवयात कमी. म्हणजे मूल जसे मोठे होते, तसा त्याच्या आयुष्याचा दुरून न दिसणारा भाग वाढत जातो. नेमक्या त्याच वयात आपण त्याला विचारणे कमी करतो आणि सांगणे वाढवतो.

मात्र मुलाला विचारले म्हणजे पालकांचे काम संपले असेही नाही. गोव्यात दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरातील १२ ते १६ वर्षांच्या २०४८ मुलामुलींची पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रश्नावली कोकणीत होती. ज्या मुलांना आधारासाठी प्रथम आपले कुटुंब आठवत होते, त्यांच्यात मानसिक विकारांचे प्रमाण कमी आढळले. घर हा आधार खराच आहे. पण आधार द्यायचा तर भार कोठे आहे हे आधी कळायला हवे. तुळई चुकीच्या जागी लावली तर छप्पर पडते.

आमच्या कोरी चिठ्ठी देणाऱ्या आजीचेही येथे स्मरण ठेवू. तिने मत दिले नाही, निरीक्षण दिले. गुणगुणणे थांबले, एवढेच. आत शिरण्याचा दावा तिने केला नाही. पालकांना आणि शिक्षकांना यापेक्षा चांगला धडा मी देऊ शकणार नाही.

शाळांनी काय करावे?

मुलांना थेट विचारता येते आणि ती उत्तरेही देतात, हे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर दिसून आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. शालेय जीवनाबद्दल ७३ टक्के विद्यार्थ्यांनी समाधान व्यक्त केले. पण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे ८१ टक्क्यांनी सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवा. एकाच मुलात समाधानही आहे आणि चिंताही. बाहेरच्याला यातले एकच दिसण्याचा संभव आहे.

आपल्याकडे मुलाविषयीच्या बहुतेक कागदांवर पालकांची सही असते. प्रगतिपुस्तकावर, सहलीच्या अर्जावर, आरोग्य तपासणीच्या पत्रकावर. सही असावी. पण 'पाल्य कसा आहे?' या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या सहीने पूर्ण होते असे आपण मानू लागलो आहोत. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मान्य केलेल्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाप्रमाणे, मुलाशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि ते वयानुसार विचारात घेतले जाण्याचा मुलाला हक्क आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या नव्या समग्र प्रगतिपत्रकातही विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन करण्याची जागा ठेवलेली आहे. ती जागा 'मी नियमित अभ्यास करतो' अशा शहाण्या वाक्यांनी भरून टाकू नये, एवढीच विनंती.

शिक्षकांसाठी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पालकसभेच्या आधी मुलांकडून एक छोटी चिठ्ठी भरून घ्यावी आणि तेच प्रश्न पालकांनाही द्यावेत. वर्गात कोणाशी बोलतोस, झोप कशी लागते, शाळेत यावेसे वाटते का, असे साधे प्रश्न पुरेत. दुसरी, फरक मोठा असेल तेथे आधी मुलाशी बोलावे, मग मुलाला सांगून पालकांशी. मुलाची चिठ्ठी सभेत वाचून दाखवणे हा विश्वासघात ठरेल आणि पुढच्या वेळी सगळ्याच चिठ्ठ्यांत दहा येतील. तिसरी, या गुप्ततेला एक अपवाद असावा. मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याचे कळले, तर ती गोष्ट कोणीही स्वतःजवळ ठेवू नये. 'टेली मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेले असावेत.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही थोडे सांगायचे आहे. मोठ्यांना काही कळत नाही, असा निष्कर्ष या लेखातून काढू नका. ०.२२ म्हणजे शून्य नव्हे. आणि वैयक्तिक समीकरण तुम्हालाही आहे. आई गप्प असली की ती आपल्यावर रागावली आहे असे तुम्ही धरून चालता. ती कदाचित नुसती दमलेली असते. माझ्या मुलीने मागाहून मला विचारले, "बाबा, आता तुमचा आकडा मी सांगू?" तिने आठ सांगितले. मी सहा लिहिले होते. ती म्हणाली, "पण तुम्ही तर काही बोलत नाही." या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. मीही माझी सोबत डब्यातच झाकून ठेवली होती.

मुलगी अजून मधल्या सुट्टीत कधीकधी एकटी असते. आम्ही तिची मैत्रीण परत आणू शकलो नाही. पण महिन्यातून एका रविवारी ती मैत्रिणीकडे जाते, किंवा ती मैत्रीण पौडला येते. चिठ्ठ्यांचा प्रयोग आम्ही दर महिन्याच्या अखेरीस करतो. गेल्या खेपेस तिचे सात होते आणि माझे तिच्यासाठी सहा. फरक अजून आहे, तो राहणारच. आता तो निघाला की आम्ही एकमेकांना कारण विचारतो.

करून पाहा. घरातील प्रत्येकाने एक चिठ्ठी घ्यावी. स्वतःच्या सुखाचा आकडा लिहावा आणि घरातील इतर प्रत्येकाच्या सुखाचाही अंदाज लिहावा. सर्वांचे लिहून झाल्यावरच चिठ्ठ्या उघडाव्यात. सर्वांत मोठा फरक ज्या दोघांत निघेल त्यांनी त्या दिवशी थोडा वेळ एकत्र काढावा. महिनाभराने प्रयोग पुन्हा करावा आणि नोंद वहीत ठेवावी. अट फक्त एक. कोणाचाही आकडा खोडायला लावू नये.